उघड्या टेकडीवरची दरोडेखोर माशी

पावसाने उघडीप दिली आणि ऊन तापू लागले की खारघर किंवा पारसिकच्या डोंगरउतारावर, गवताच्या काडीवर वा वाळक्या फांदीच्या टोकाशी एक लांबट, केसाळ, राखाडी-तपकिरी माशी बसलेली आढळते. तिचे डोके सतत इकडेतिकडे वळत असते. समोरून एखादा कीटक उडत गेला की ती झेपावते, हवेतच त्याला पायांच्या विळख्यात घेते आणि बहुधा पूर्वीच्याच जागी परतते. पाहणारा तिला गांधीलमाशी समजून दूर सरकतो. प्रत्यक्षात ती घरमाशीच्याच गणातील, म्हणजे दोन पंखांच्या कीटकांपैकी आहे. इंग्रजीत तिला ‘रॉबर फ्लाय’ म्हणतात. मराठीत तिला दरोडेखोर माशी म्हणता येईल.

या माश्यांच्या कुलाचे शास्त्रीय नाव ‘असिलिडी’. त्यातील ‘असिलस’ ही प्रजाती लिनियसने १७५८ मध्ये नोंदवली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गुरांना चावणारी गोमाशी असा होतो. दरोडेखोर माशी गुरांच्या वाटेलाही जात नाही, पण नाव चिकटले ते कायमचे. ‘प्रोमॅकस’ हे दुसऱ्या एका प्रजातीचे नाव मात्र अगदी चपखल आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आघाडीवर राहून लढणारा योद्धा असा आहे.

जगात या कुलाच्या सुमारे साडेसात हजार जाती ज्ञात असून, अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत त्यांचा वावर आहे. भारतातील जातींची संख्या पाचशेच्या आसपास मानली जाते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील ए. एन. टी. जोसेफ आणि पी. परुई यांनी या माश्यांवर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९९८ मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’ या मालिकेत प्रसिद्ध झाला.

या माश्यांचा प्रसार बव्हंशी उन्हावर अवलंबून असतो. घनदाट, सावलीच्या जंगलापेक्षा मोकळे माळ, विरळ झुडपे, खडकाळ उतार आणि जंगलाच्या कडा त्यांना अधिक मानवतात. थंड, ढगाळ हवेत त्या निपचित बसून राहतात. सर्वच जातींची आवड मात्र एकसारखी नसते. प्रोमॅकससारख्या मोठ्या माश्या उघड्यावर दिसतात, तर ‘लेप्टोगॅस्टर’ प्रजातीच्या काडीसारख्या बारीक माश्या उंच गवतात वावरतात. ‘लॅफ्रिया’ प्रजातीच्या अळ्या कुजत्या लाकडात वाढतात. त्यामुळे ती पाहायची तर पडलेले ओंडके जागच्या जागी राहू दिलेल्या जुन्या झाडीकडेच वळावे लागते.

शिकारीची सारी आयुधे माशीच्या अंगावरच असतात. दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मध्ये माथ्यावर खोलगट खाच असते. चेहऱ्यावर राठ केसांची मिशी असून, धडपडणाऱ्या भक्ष्यापासून ती डोळ्यांचे व तोंडाचे रक्षण करत असावी, असे मानले जाते. पाय काटेरी आणि बळकट असतात. भक्ष्य पकडताच माशी आपली टणक सोंड त्याच्या मऊ भागात खुपसते. कधी ती मान व वक्ष यांच्या सांध्यात शिरते, कधी डोळ्यात, कधी उदराच्या दोन खंडांमध्ये. भुंगेऱ्यासारखा चिलखती कीटकही सुटत नाही. उडण्यासाठी त्याने वरचे कठीण पंख उघडले की पाठीचा मऊ भाग उघडा पडतो आणि नेमका तेथेच घाव बसतो. सोंडेतून सोडलेल्या लाळेतील विषाने भक्ष्य क्षणार्धात लुळे पडते आणि पाचक द्रव्यांमुळे त्याच्या शरीरातील ऊती विरघळतात. मग माशी तो रस शोषून घेते आणि रिकामे कवच टाकून देते. या विषातील घटकांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम दिसून आला.

तिची नजर किती तीक्ष्ण असते, याचा अंदाज केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांवरून येतो. त्यांनी अभ्यासलेली ‘होल्कोसेफाला’ ही अमेरिकेतील माशी तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती भक्ष्याच्या मागे धावत नाही. ते पुढे जेथे पोहोचणार, त्या दिशेने झेप घेते. साधारण तीस सेंटिमीटर अंतर उरले की वेग कमी करून आपला मार्ग पुन्हा जुळवते. क्षेत्ररक्षकाने झेल घेण्यासाठी चेंडूखाली जाऊन थांबावे, तसाच हा प्रकार.

भक्ष्यात माश्या, नाकतोडे, भुंगेरे, फुलपाखरे, गांधीलमाश्या, प्रसंगी चतुर आणि स्वजातीयही असतात. लेप्टोगॅस्टरसारख्या माश्या मात्र पानावर बसलेले किडेही अलगद टिपतात. माणसाला ही माशी आपणहून चावत नाही. हातात धरली तर मात्र तिची सोंड वेदना दिल्याशिवाय राहत नाही.

तिच्यावर मुख्य आक्षेप आहे तो मधमाश्यांच्या शिकारीचा. काही मोठ्या जाती मधपेट्यांजवळ ठाण मांडून एकामागून एक मधमाश्या टिपतात. अमेरिकेत तर एका प्रोमॅकस जातीला ‘मधमाशी-मारी’ असेच नाव पडले आहे. हा आक्षेप खरा आहे, पण तो अर्ध्याच आयुष्यापुरता. उरलेले अर्धे आयुष्य जमिनीखाली जाते. प्रोमॅकसची मादी झाडाझुडपांवर खडूसारख्या पांढऱ्या आवरणात अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या खाली पडून मातीत शिरतात. तेथे त्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर जगतात, आणि ऊसशेतीची झोप उडवणारी हुमणी ही भुंगेऱ्यांचीच अळी. ही वाढ पूर्ण होण्यास बहुधा एक ते तीन वर्षे लागतात. प्रौढ माशीचे आयुष्य त्या मानाने काही आठवड्यांचेच.

या माशीचे भवितव्य म्हणूनच हवेपेक्षा मातीत अधिक ठरते. नवी मुंबईत नेमका याच बाबतीत पेच आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून खाडी आणि डोंगर यांच्यामधील पट्टीवर शहर वाढत गेले. खाडीकिनाऱ्याच्या कांदळवनांना कायद्याचे संरक्षण मिळाले, ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत आले. गवताळ उतारांना मात्र असा वाली नाही. ते ना जंगल, ना पाणथळ. पावसाळ्यात हिरवे आणि एरवी ‘ओसाड’. पारसिकच्या रांगेने वर्षानुवर्षे दगडखाणी सोसल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. टेकडी कापली जाते तेव्हा झाडे किती गेली याची गणना होते. मातीत दोन-दोन वर्षे वाढणाऱ्या अळ्यांचा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही.

गवताळ टेकडीवर सरसकट दाट वृक्षारोपण करण्याचा उत्साहही येथे कामाचा नाही. सावली वाढली की उन्हात शिकार करणारी माशी तेथून हटते. वसाहतींमध्ये सांजसकाळ होणारी धूरफवारणी डासांसाठी असली, तरी तिचे रसायन डास आणि इतर कीटक यांत भेद करत नाही. झुडपांवर विसावलेली दरोडेखोर माशीही त्यात सापडते. उद्यानांतील पायवाटांपासून झाडांच्या बुंध्यांपर्यंत फरशी अंथरली, की अळ्यांना शिरण्यास मातीही उरत नाही. फवारणी डासांच्या पैदाशीच्या ठिकाणांपुरती ठेवणे आणि उद्यानाचा एखादा कोपरा न खणता, गवत न कापता पावसाळाभर तसाच राखणे, एवढे शहरात सहज करता येते. त्याला स्वतंत्र निधीही लागत नाही.