काडतुसाचा जोर आणि पोलादाची मर्यादा

काडतुसाचा जोर वाढवणे हे दारूच्या रसायनाचे काम आहे, तर तो जोर कमरेला बाळगता येईल एवढ्या शस्त्रात पेलणे हे धातूचे. आणि ही दोन्ही कामे सारख्या गतीने पुढे सरकली नाहीत, हे अमेरिकी रिव्हॉल्व्हरच्या इतिहासात वारंवार दिसते. कॅप्टन सॅम्युअल वॉकर यांच्या सूचनेवरून सॅम्युअल कोल्ट यांनी १८४७ साली बनवलेल्या रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक कप्प्यात ६० ग्रेन, म्हणजे जवळपास ४ ग्रॅम, काळी दारू मावत असे. शस्त्राचे वजन दोन किलोंच्या घरात असूनही त्याचे लोखंडी सिलिंडर, म्हणजे कप्प्यांचा फिरता दंडगोल, फुटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि पुढच्या ड्रॅगून नमुन्यात सिलिंडर आखूड करून दारूचे प्रमाण ५० ग्रेनच्या आसपास आणावे लागले.

हाच पेच विसाव्या शतकात नव्या रूपात उभा राहिला. स्मिथ अँड वेसन कंपनीचे .३८ स्पेशल हे काडतूस काळ्या दारूच्या अखेरच्या काळात जन्मले असल्याने त्याची पितळी पुंगळी लांब होती. धूररहित दारूला जागा कमी लागत असल्यामुळे पुंगळीत पोकळी उरे, आणि ती भरून काढण्याचा मोह स्वाभाविक होता. अमेरिकेतील मद्यबंदीच्या काळात गुन्हेगार मोटारींतून पळू लागले, तेव्हा पत्रा भेदणारी गोळी पोलिसांना हवीशी झाली. कंपनीने १९३० साली .४४ काडतुसासाठी असलेल्या आपल्या मोठ्या एन-फ्रेमवर, म्हणजे शस्त्राच्या मुख्य सांगाड्यावर, जोरकस .३८ काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बांधले. मात्र हे काडतूस आकाराने जुन्यासारखेच असल्याने ते हलक्या, जुन्या शस्त्रांतही सहज बसत असे, आणि धोका तिथेच होता. १९३५ साली आलेल्या .३५७ मॅग्नमची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने वाढवण्यात आली ती दारूला जागा हवी म्हणून नव्हे, तर हे काडतूस .३८च्या कप्प्यात पूर्ण शिरूच नये म्हणून. आजच्या अमेरिकी मानकांनुसार .३८ स्पेशलच्या दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास १७,००० पौंड आहे, तर .३५७ मॅग्नमची ३५,००० पौंड. यावरून ही खबरदारी किती आवश्यक होती, हे ध्यानात येते.

एन-फ्रेमला हा दाब जड नव्हता. जड होते ते शस्त्र दिवसभर कमरेला वागवणे. सीमा गस्ती दलातील नामांकित नेमबाज बिल जॉर्डन यांच्या आग्रहावरून कंपनीने १९५५ साली मध्यम के-फ्रेमवर ‘कॉम्बॅट मॅग्नम’ आणले, ज्याला पुढे मॉडेल १९ हा क्रमांक मिळाला. चार इंची नळीसह ते सुमारे एक किलोचे होते. सरावासाठी .३८ वापरावे आणि कामगिरीवर मॅग्नम भरावे, ही त्यामागची रीत होती. पोलिसांनी सरावातही मॅग्नमच वापरायला सुरुवात केल्यावर, आणि जुन्या १५८ ग्रेनच्या गोळीऐवजी १२५ ग्रेनची हलकी, वेगवान गोळी रूढ झाल्यावर, या समतोलाचा कस लागला.

सिलिंडरमधून सुटलेली गोळी नळीच्या मागच्या, आतून निमुळत्या होत जाणाऱ्या तोंडात शिरते. के-फ्रेममध्ये सिलिंडर बाहेर वळवणाऱ्या बिजागरीच्या आडाला जागा मिळावी म्हणून या तोंडाचा खालचा भाग तासून सपाट केलेला असतो, त्यामुळे तिथे पोलादाची भिंत सर्वांत पातळ राहते. हलकी गोळी आखूड असल्याने जळती दारू आणि तप्त वायू यांचा मारा या तोंडावर अधिक होई, आणि तडा गेला तर तो बहुधा याच सपाट जागी जाई. सिलिंडर शाबूत, फ्रेम शाबूत, आणि तरीही शस्त्र निकामी, असा हा प्रकार होता.

यावर कंपनीने दारू कमी केली नाही. १९८०च्या सुमारास तिने एल-फ्रेम आणली, जिची मूठ के-फ्रेमच्याच मापाची असली तरी सिलिंडर अधिक जाड होते आणि नळीचे मागचे तोंड पूर्ण गोल ठेवण्यास जागा होती. नळीखालच्या भरीव पोलादासह त्यातील चार इंची नमुन्याचे वजन जुन्या एन-फ्रेमच्या जवळ जाऊन पोहोचले. कॉम्बॅट मॅग्नमने वाचवलेले वजन फुकट मिळालेले नव्हते. क्वचित वापराच्या गृहीतावर काढलेली ती उसनवारी होती, आणि वापर नित्याचा होताच ती पोलादाच्या रूपाने फेडावी लागली.