तांदूळ : मापाचे वजन

कच्च्या तांदळाचे माप वजनात बदलणे म्हणजे भांड्यात मावलेला तांदूळ किती ग्रॅमचा आहे हे ठरवणे. काठाशी सपाट केलेल्या एक लिटर भांड्यात पांढरा तांदूळ ढोबळमानाने ८०० ग्रॅम भरतो. लांब दाण्याचा ७८०च्या आसपास, आखूड दाण्याचा ८४५पर्यंत. दाणा पाण्यापेक्षा जड असूनही लिटरभर तांदूळ किलोभर होत नाही, कारण दाण्यादाण्यांमध्ये हवा असते आणि भांड्याचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग ती अडवते. ही पोकळी दाण्याची लांबी, कणीचे प्रमाण आणि भांडे नुसते ओतून भरले की ठोकून, यांनुसार कमीजास्त होते. म्हणून सगळ्या तांदळांना लागू पडेल असा एकच आकडा शोधणे व्यर्थ आहे. आपले भांडे आणि समोरचा तांदूळ, ही जोडी काट्यावर पारखावी लागते.

उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले रोहिणखेड हे गाव ज्वारी, कापूस, सोयाबीनच्या पट्ट्यात येते. अशा गावात तांदूळ मुख्यतः दुकानातून आणि रेशनमधून येतो, म्हणजे वजनाने. चुलीपाशी मात्र तो वाटीने, डब्याने मोजला जातो. हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो शाळेच्या पोषण आहारात. तिथे पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. पाचवीपर्यंतची ६० मुले धरली तर ६ किलो झाले. आखूड तांदळाचे ते ७.१ लिटर भरतात. पुढच्या पोत्यात लांब दाणा आला आणि डबे तेवढेच घातले, तर पातेल्यात सुमारे साडेपाच किलोच पडतील. चार-पाच मुलांचा वाटा कुणी न काढता नाहीसा झाला!

पायली, शेर, मापटे, चिपटे या जुन्या मापांवर पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार चालला, मग काटा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. देणारा आणि घेणारा एकाच पायलीने मोजत असतील तर वजन कळण्याची गरजच नसते. पण शेर हे मापाचेही नाव होते आणि वजनाचेही. वजनी शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापी शेर ठिकठिकाणी वेगळा. त्यात शीग, म्हणजे काठावरचा ढीग, ठेवायची की पाडायची, यावरही पसाभर धान्य इकडचे तिकडे होई. १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली, तेव्हा गरिबाच्या बाजूने हा मोठा बदल झाला असे म्हटले पाहिजे.

वजनही निर्दोष नाही, हेही खरे. दमट तांदूळ काट्यावर जास्त भरतो आणि त्या जास्तीत पाणीच असते. म्हणून साठवणुकीत ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास राखतात. तरी ही चूक दाण्याच्या आकाराने पडणाऱ्या चुकीपेक्षा सहसा लहान असते. घरच्या भातात तांदूळ आणि पाणी दोन्ही एकाच वाटीने घेतात, तिथे मापच योग्य आहे. शाळेच्या चुलीवर मात्र पोते बदलले की भांडे तीनदा सारख्याच हाताने भरून, शीग पाडून तोलावे, सरासरी काढावी आणि तो आकडा भांड्यावर रंगाने लिहून ठेवावा.