डालग्यापासून फिरत्या खुराड्यापर्यंत

इतिहास म्हटला की गड, लढाया आणि राजेरजवाडे डोळ्यांपुढे येतात. परसातल्या खुराड्यालाही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु ज्या वस्तूवर घरच्या बाईच्या चार पैशांचा आधार, तिची हकिगत भगिनींना ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

कोंबडी मूळची रानातली. तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज. आपल्या सह्याद्रीत आरवणारा करडा रानकोंबडाही तिच्या नात्यातलाच. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले. पाळलेल्या कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडली असून ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातील आहेत, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. भाताची शेती होऊ लागली, तेव्हा सांडलेल्या दाण्यांच्या लोभाने हा पक्षी वस्तीजवळ आला, असे हे विद्वान म्हणतात. म्हणजे कोंबडी आपल्या पायांनीच माणसाच्या खळ्यावर आली म्हणायची!

येताना तिने रानातल्या दोन सवयी बरोबर आणल्या. दिवसा पाचोळा उकरून किडे-दाणे टिपायचे आणि तिन्हीसांजेला झाडाच्या फांदीवर चढून बसायचे. अंधारात तिला फारसे दिसत नाही, म्हणून उंचावर बसल्याशिवाय तिला सुरक्षित वाटत नाही. तेव्हा तिच्या घराची कामेही दोन: दिवसा रानासारखी जमीन मिळाली पाहिजे आणि रात्री झाडासारखा आसरा. खुराड्याचा सगळा इतिहास या दोन गोष्टींची सांगड घालण्याचाच आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यात कोलुमेला नावाचा शेतीवर लिहिणारा ग्रंथकार होऊन गेला. खुराड्याचे तोंड हिवाळ्यात सूर्य उगवतो त्या दिशेला असावे, ते स्वयंपाकघराला किंवा भट्टीला लागून असावे म्हणजे धूर आत जाईल, आणि बसायच्या दांड्या गुळगुळीत गोल नसाव्यात, कारण त्यांवर पाय घसरतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे चुलीच्या भिंतीला खुराडे टेकवणाऱ्या म्हाताऱ्यांना कोलुमेला ठाऊक नव्हता. पण धुराने पिसवा कमी होतात, हे त्यांनाही अनुभवाने कळले होते.

आपले जुने साधन म्हणजे बांबूचे डालगे. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण घरोघरी आहे, त्यावरून कोंबडे झाकून ठेवण्याची रीत किती जुनी असेल ते समजावे. दिवसा घारीपासून पिल्ले वाचवायला डालगे फार उपयोगी, आणि उचलून हवे तेथे ठेवता येते. रात्री मात्र बोक्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. म्हणून माती-दगडाचे किंवा लाकडी खुराडे आले. त्यात रात्र सुखाची जाते. पण जागा कायमची. त्याच अंगणात वर्षानुवर्षे विष्ठा साचते, जंत वाढतात आणि पिल्लांना रक्ताची हगवण लागते. मोकळ्या सोडल्या तर शेजारणीची मेथी उकरून येतात आणि दोन घरांचे बोलणे बंद होते, हे वेगळेच.

यावर विलायतेत एक तोड निघाली. खाली तळ नसलेला जाळीचा पिंजरा, आणि त्याच्या एका टोकाला रात्रीची बंद पेटी. रोज तो आपल्या लांबीइतका पुढे सरकवायचा. कोंबड्यांना ताजे गवत मिळे, मागे राहिलेल्या जमिनीला खत मिळे आणि त्या जागेला विश्रांतीही मिळे. दुसऱ्या महायुद्धात घरच्या कोंबडीचे मोल फारच वाढले. तेथे १९४१ साली अंड्यांचे रेशन सुरू झाले. माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडे. ज्या घरी कोंबड्या असत, त्यांनी आपल्या अंड्यांचा हक्क सोडला की त्याऐवजी कोंबड्यांचे खाद्य मिळे. त्यात बटाट्याच्या साली व उरलेसुरले अन्न शिजवून मिसळीत. लहानलहान बागांच्या मागल्या अंगणात गृहिणींनी कोंबड्या सांभाळल्या. अंड्यांचे रेशन उठले ते १९५३ साली.

आपल्या देशात १९३९ साली इज्जतनगर येथे कोंबड्यांवरील संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला. मानमोडी, म्हणजे ज्याला रानीखेत रोग म्हणतात, त्यावर मुक्तेश्वर येथे लस तयार झाली. तिने लाखो कोंबड्या वाचल्या. पुढे पिंजऱ्यांच्या मोठ्या शेडी उभ्या राहिल्या. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. अंडे गोरगरिबांच्या ताटात आले, हा मोठा लाभ झाला. परंतु पूर्वी अंड्याचा पैसा पदराच्या गाठीला बांधला जाई, तो शेडवाल्याच्या गल्ल्यात गेला, हेही खरे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हा मोठ्या शेडींबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे पुन्हा तेच झाले. रानपक्ष्यांच्या विष्ठेतून हा रोग येऊ शकतो. म्हणून परसातली कोंबडी आता उघड्यावर सोडण्यापेक्षा वर छप्पर असलेल्या फिरत्या जाळीत ठेवणे शहाणपणाचे.

अशी जाळी करणे अवघड नाही. चार कोंबड्यांना आठ फूट लांब व पाच फूट रुंद चौकट पुरे. जाळीची भोके अर्ध्या इंचाची असावीत, म्हणजे मुंगूस शिरत नाही. रात्रीच्या पेटीत दर कोंबडीमागे आठ-दहा इंच दांडी, वर हवेला झरोका, दाराला पक्की कडी, आणि कोपऱ्यात अंडी घालायला एक पेंढ्याचे खोके. पावसाळ्यात पेटीखाली विटा द्याव्यात. जागा रोज बदलावी आणि कडी स्वतःच्या हाताने लावावी.

बाजारातले अंडे स्वस्त असेल. परंतु घरच्या कोंबडीचा पैसा कोणापुढे हात न पसरता हाती येतो. मुलीची वही, सासूबाईंचे औषध, मंडळाची वर्गणी त्यातून भागते. शेजारणीची मेथीही शाबूत राहते. एवढ्यासाठी तरी दोन माणसांना उचलता येईल असे खुराडे ज्या भगिनींना परस आहे त्यांनी करून पाहावे.