गुरुमुल गेले, तेव्हा त्यांचं नाव का घेतलं जात नव्हतं?

महाड-पोलादपूरकडे भजनी मंडळातला बुवा किंवा पखवाजवाला गेला, की आधी त्याचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला लागतो. माळकरी असेल तर टाळ-मृदंगाच्या गजरात अंत्ययात्रा निघते. जितक्या तोंडी नाव, तितका मान.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या योलंगू आदिवासींमध्ये नेमकं उलट. माणूस गेला की काही काळ त्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो लावायचा नाही, आवाजही ऐकवायचा नाही. आत्म्याच्या वाटेत अडथळा नको आणि घरच्यांच्या जखमेवरची खपली निघू नये, ही त्यामागची भावना.

पण गेलेला माणूस देशभर गाजलेला गायक असेल तर?

जेफ्री गुरुमुल युनुपिंगू एल्को बेटावरचे. जन्मापासून अंध, डावखुरे. उजव्या हाताची गिटार ते तारा न बदलता उलटी धरून वाजवायचे. २५ जुलै २०१७ रोजी डार्विनच्या रुग्णालयात यकृत आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराने ते वारले. वय अवघं ४६. प्रथेचा मान राखून माध्यमांनी त्यांना 'डॉ. जी. युनुपिंगू' म्हणायला सुरुवात केली. 'डॉ.' का, तर संगीतातली मानद डॉक्टरेट त्यांच्याकडे होती.

खरा पेच पुढे होता. चार वर्षं खपून केलेला 'जारिमिरी' हा अल्बम मृत्यूच्या काही आठवडे आधीच पूर्ण झाला होता. त्यात योलंगूंची पारंपरिक गाणी पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासोबत बांधली आहेत. यिडाकी या लांब लाकडी वाद्याचा घुमणारा, पुन्हापुन्हा येणारा ठेका इथे चेलो आणि डबल बास धरतात. संयोजन एर्की वेल्थाइम यांचं, निर्मिती गुरुमुल यांचे जुने सहकारी मायकल होनन यांची. इथे गाणं आदिवासींचं आणि साज ऑर्केस्ट्राचा असला, तरी साज गाण्याच्या मागून चालतो. फ्यूजनच्या नावाखाली बहुतेकदा याच्या उलट होतं.

मग हा आवाज लोकांना ऐकवायचा की नाही? निर्णय रेकॉर्ड कंपनीचा नव्हता, घरच्यांचा होता. त्यांनी गुरुमुल यांचं नाव, चेहरा आणि आवाज वापरायला परवानगी दिली. इतक्या लवकर अशी मोकळीक मिळणं ही दुर्मीळ गोष्ट होती.

१३ एप्रिल २०१८ रोजी अल्बम आला आणि ऑस्ट्रेलियाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तिथल्या आदिवासी भाषेतल्या अल्बमला हे स्थान पहिल्यांदाच मिळत होतं. त्याच महिन्यात त्यांच्यावरचा 'गुरुमुल' हा माहितीपटही तिथल्या चित्रपटगृहांत लागला. शीर्षकातच त्यांचं नाव होतं.