पिंपळनेरचे रोशा तेल : एका सुगंधाच्या नावाचा इतिहास

सरल, देवदार आदी सूचिपर्णी वृक्षांची तेले आपल्या वैद्यकात प्राचीन काळापासून मान्यता पावलेली आहेत. तथापि हे वृक्ष हिमालयाचे. खानदेशच्या रानात ते स्वभावतः उगवत नाहीत. खानदेशला निसर्गाने सुगंधी तेल दिले ते वृक्षातून नव्हे, तर गवतातून. रोशा किंवा रोहिष या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गवताच्या तेलाचा व्यापार एके काळी पिंपळनेरपासून तुर्कस्तानापर्यंत पसरला होता. या तेलाच्या इतिहासात सूचिपर्णी वृक्षाचे तेल दोनदा प्रवेश करते : प्रथम भेसळ म्हणून आणि नंतर प्रतिस्पर्धी म्हणून. हे दोन्ही प्रसंग एकाच कारणाशी निगडित आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते कारण म्हणजे या तेलाला परदेशच्या बाजारात स्वतःच्या नावाने कधीच उभे राहता आले नाही, हे होय.

पिंपळनेर हे आज धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील गाव. पांझरेच्या काठी, सह्याद्रीच्या पूर्वेकडील पायथ्याशी ते वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर हाच तालुका होता. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरात रोशा तेलाच्या धंद्याचे मूळ स्थान म्हणून याच गावाचा निर्देश आढळतो. लागवडीखालील जमीन वाढून गवताचे क्षेत्र आक्रसल्यामुळे त्या सुमारास धंद्याचा भर नंदुरबार व तळोदा यांकडे सरकू लागला होता. म्हणजे ज्या काळी या व्यवसायाची पहिली तपशीलवार नोंद झाली, त्याच काळी त्याच्या मूळ स्थानी उतरती कळा लागली होती.

तेल काढण्याची रीत साधी, परंतु कष्टाची होती. पावसाळा सरत आला, गवत पक्व होऊ लागले, म्हणजे भिल्ल लोक डोंगरउतारावरून ते कापून आणीत आणि तेल काढणारे मुसलमान कारागीर ते त्यांच्याकडून विकत घेत. जेथे सरपण आणि वाहते पाणी दोन्ही मुबलक, अशा ओढ्याच्या काठी भट्टी घातली जाई. तांब्याच्या किंवा लोखंडी हंड्यात पाणी घालून चिरलेले गवत काठोकाठ भरीत आणि तोंडावर झाकण ठेवून ते कणकेने पक्के लिंपून टाकीत. झाकणाच्या छिद्रातून बांबूची नळी निघे. तिला कापड गुंडाळून वर उडदाच्या पिठाचा लेप दिलेला असे. नळीचे दुसरे टोक ओढ्यात गळ्यापर्यंत बुडविलेल्या बंद भांड्यात सोडलेले असे. वाफ थंड होऊन त्या भांड्यात थेंबथेंब उतरे आणि पाण्यावर तरंगणारे तेल वरच्यावर काढून घेतले जाई.

१८७९-८० साली खानदेशात अशा १९७ भट्ट्या होत्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट तेल निघे, असे गॅझेटियर सांगते. हिशेब केल्यास एका भट्टीच्या वाट्याला सरासरी ४० पौंड, म्हणजे १८ किलोग्रॅमच्या आसपास तेल येते. यावरून हा धंदा मोठ्या भांडवलाचा नसून ओढ्याओढ्यांवर विखुरलेला, ऋतूपुरता चालणारा गृहोद्योग होता, हे स्पष्ट होते. तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेस, अथवा धुळ्यावरून मुंबईस जाई. मुंबईहून ते तांबड्या समुद्रावरील बंदरांत, विशेषतः जेद्दास, आणि तेथून पुढे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचत असे.

एवढ्या दूरच्या बाजाराला खानदेशी तेलाची गरज का भासावी ? याचे उत्तर बल्गेरियाच्या गुलाबबागांत सापडते. गुलाबाच्या अत्तरात जे घटक असतात त्यांपैकी एक प्रमुख घटक रोशा तेलात फार मोठ्या प्रमाणात असतो. म्हणून तुर्की व्यापारी हे तेल उन्हात ठेवून, त्याचा रंग व उग्रपणा कमी करून, महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. तेथे त्यास ‘इद्रिस यागी’ म्हणत, तर युरोपच्या बाजारात ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असे नाव मिळाले. वस्तुतः ते तुर्कस्तानचेही नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते.

जे तेल दुसऱ्याच्या भेसळीसाठी विकत घेतले जाई, त्याच्या शुद्धतेची काळजी कोण घेणार ? रोशा तेलातही खोबरेल, घासलेट, सीडरच्या लाकडाचे तेल आणि पाइन वृक्षाच्या डिंकापासून निघणारे टर्पेंटाइन मिसळले जाऊ लागले. ही भेसळ ओळखण्याची कसोटी पुढे रसायनशास्त्राने दिली : शुद्ध रोशा तेल सत्तर टक्के मद्यार्काच्या दोन-तीन पट प्रमाणात पूर्णपणे विरघळते, टर्पेंटाइन किंवा खाद्यतेल मिसळलेले असल्यास द्रावण गढूळ होते.

१८७१ साली ओस्कार याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतीय गवताच्या तेलातून त्यातील प्रमुख घटक प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला. आजच्या सुगंधद्रव्य-उद्योगातील एक आधारभूत द्रव्य अशा रीतीने जगास ज्ञात झाले. परंतु त्याचे नाव पडले ‘जिरॅनिऑल’. व्यापाऱ्यांनी दिलेले चुकीचे नाव शास्त्राच्या परिभाषेत कायमचे रुजले. वनस्पतिशास्त्रातही गवताचे नाव अन्यत्रच जोडले गेले. क्लॉड मार्टिन या सेनाधिकाऱ्याने टिपूशी झालेल्या युद्धाच्या वेळी दक्षिणेतील बालाघाटात या गवताचे बी गोळा केले. गुरे ते आवडीने खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो, हे त्याने टिपून ठेवले. त्याच्या स्मरणार्थ रॉक्सबर्गने जातीस ‘मार्टिनी’ हे नाव दिले. भारतातील तेलगवतांचे व्यवस्थित वर्गीकरण ऑटो स्टाफ यांनी १९०६ साली केले. रोशाचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ हे दोन प्रकार दिसण्यात सारखे असून त्यांच्या तेलांचा दर्जा मात्र भिन्न असतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल सामान्यतः तीन चतुर्थांशाहून अधिक असते. हा भेद मात्र देशी नावांनीच टिकून राहिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरा प्रसंग विसाव्या शतकातील. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत टर्पेंटाइनमधील बीटा-पायनीन या घटकापासून जिरॅनिऑल कारखान्यात तयार होऊ लागले. पुढे खनिज तेलजन्य द्रव्यांपासूनही ते मिळू लागले. जे टर्पेंटाइन एके काळी रोशा तेलात चोरून मिसळले जाई, तेच आता उघडपणे त्याची जागा घेऊ लागले. ग्राहकाला पिंपळनेरचे तेल हवे असते, तर ही स्पर्धा इतकी सोपी झाली नसती. त्याला हवा होता तो केवळ एक घटक. आणि घटकाला गाव नसते.

या व्यापाराच्या बाहेर मात्र रोशा तेलाचे एक स्वतंत्र जीवन होते. संधिवात, कंबरदुखी व मुका मार यांवर ते खाद्यतेलात मिसळून चोळीत. केस गळण्यावर आणि डासांना दूर ठेवण्यासाठीही ते वापरीत. १८२०च्या दशकातच कलकत्त्याच्या वैद्यकीय नियतकालिकात ‘निमाडचे गवती तेल’ म्हणून याची दखल घेतली गेली होती. चोळल्याने त्वचेस उष्णता येते व रक्ताभिसरण वाढते, म्हणून वेदना काही काळ हलकी वाटते. येथवर परंपरेचा अनुभव समजण्यासारखा आहे. जिरॅनिऑलचा जंतुरोधक व कीटकरोधक गुण प्रयोगशाळेतही दिसून आला आहे. परंतु त्यावरून हे तेल संधिवाताचे मूळ दूर करते, असा निष्कर्ष काढता येणार नाही. शिवाय जिरॅनिऑलमुळे काहींच्या त्वचेवर ॲलर्जी उद्भवते. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांत ते ठराविक प्रमाणाहून अधिक असल्यास वेष्टनावर तसा उल्लेख करावा लागतो.

खानदेशच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास या प्रकरणातून एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानी घ्यावी लागेल. वनोपजाचे मूल्य केवळ त्याच्या गुणावर ठरत नाही. तो गुण कोणाच्या नावावर जमा होतो, यावरही ते अवलंबून असते. गवत कापणारा भिल्ल, भट्टी पेटविणारा कारागीर आणि ते गवत वाढविणारा डोंगर यांपैकी कोणाचेही नाव त्या तेलाबरोबर घाटाखाली उतरले नाही. आज रोशाची शेती विविध राज्यांत होते व ‘पामरोझा’ या नावाने तेल विकले जाते. उत्पत्तिस्थानाची नोंदणी आणि शुद्धतेची कसोटी ही दोन्ही साधने आता उपलब्ध आहेत. नंदुरबार-साक्रीच्या डोंगरपट्ट्यात या धंद्याचा पुन्हा विचार व्हावयाचा असल्यास तो या दोहोंपासून सुरू व्हावा. अन्यथा तेल येथले आणि नाव दुसऱ्याचे, हीच जुनी व्यवस्था नव्या वेष्टनात चालू राहील.