सोळा आण्यांचे गाव

आमच्या भागातील जुन्या माणसांच्या तोंडी 'गाव घेतले' असा एक शब्दप्रयोग असे. बैल घेतला, बांधी घेतली, तसे गाव घेतले. अमक्याने आठ आणे घेतले, तमक्याचे चार आणे राहिले, उरलेले चार आणे सावकाराकडे गहाण पडले, अशा हिशेबात माणसे बोलत. गाव सोळा आण्यांचे. त्या सोळा आण्यांत आपली टोली किती आण्यांत मोजली जात होती, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात कधी निघत नसे. तो प्रश्न आज विचारावा, एवढ्यासाठी हे टिपण.

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याचा पूर्वेकडचा, छत्तीसगडला लागून असलेला तालुका. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता. हे सांगणे आवश्यक आहे. पश्चिम महाराष्ट्रातील दलित चळवळीचा इतिहास वाचून वाढलेल्या आपल्या कार्यकर्त्याला जमिनीचा प्रश्न म्हटला की महार वतन आठवते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडलेले वतन बिल आठवते. ते योग्यच आहे. पण आमच्या झाडीपट्टीत जमिनीची रचनाच वेगळी होती. तिकडे रयतवारी, इकडे मालगुजारी. रयतवारीत शेतकरी सरकारसमोर उभा असतो. मालगुजारीत दोघांच्या मध्ये एक तिसरा असतो, आणि गाव त्या तिसऱ्याचे असते.

हा तिसरा काही अनादिकालापासून गावाचा धनी नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात पाटील-मालगुजार हा सारा गोळा करून सरकारात भरणारा माणूस होता. मक्ता मिळाला तर गाव त्याच्याकडे, न भरला तर दुसऱ्याकडे. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला, आणि १८६० च्या दशकातील जमाबंदीत इंग्रज सरकारने या सारा गोळा करणाऱ्यांना गावाचे मालकी हक्क देऊन टाकले. एका पिढीत वसुली कारकून जमीनदार झाला. त्याबद्दल त्याने काय केले होते? काहीही नाही. सरकारला सारा भरण्यास जबाबदार असा एक इसम हवा होता, आणि मालकी दिली की तो गावात पैसा घालील, तळी बांधील, शेती सुधारील, अशी एक विलायती आशा होती.

मालकी आली म्हणजे विकण्याचा आणि गहाण ठेवण्याचा हक्क आला. इथून गावाचा बाजार सुरू झाला. गाव घेणाऱ्याचे गणित सोपे होते. कुळांकडून येणारा एकूण खंड इतका. त्यातील निम्म्याच्या आसपास किंवा अधिक सरकारात. उरले ते आपले. शिवाय सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरची शेती. शिवाय तलाव, मोहा, आंबा, गवत, पडीक. शिवाय नजराणा आणि वेठ, ज्यांची नोंद नफ्याच्या आकड्यात नसे, पण किंमत ठरवताना दोन्हीकडच्या माणसांच्या डोक्यात असे. सावकाराला याहून निर्धोक गुंतवणूक कोणती? कामठीची बन्सीलाल अबीरचंद पेढी, जबलपूरचे राजा गोकुळदास यांचे घराणे, अशा मोठ्या पेढ्यांच्या हाती मध्यप्रांतातील कितीतरी गावे आली. त्यांच्या खाली तालुक्यातालुक्यांतील लहान सावकार होते. एकदोन गावे, किंवा एखाद्या गावातील सहा आणे, एवढीच त्यांची झेप. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, ती सालेकसा-दरेकसाच्या डोंगरांतून गेली. धान, लाकूड, बांबू रेल्वेवर चढू लागले, आणि स्टेशनाजवळच्या गावाकडे पाहण्याची पैसेवाल्याची नजर बदलली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी कर्जबाजारी मालगुजारही मोडले. ज्याच्याकडे रोकड होती त्याच्यासाठी दुष्काळ हा खरेदीचा हंगाम असतो.

सरकारला याची चिंता वाटली नाही असे नाही. १८८३, १८९८, १९२० असे कूळकायदे आले. १९१६ मध्ये आदिवासींच्या जमिनी हस्तांतरित होऊ नयेत म्हणून कायदा आला. १९३३ मध्ये कर्जतडजोडीचा कायदा आला. परंतु या सर्व कायद्यांचा नायक 'कूळ' आहे. ज्याच्या नावावर बांधी आहे तो. ज्याच्या नावावर काहीच नाही, जो दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करतो आणि गावाच्या कडेला राहतो, त्याच्या पायाखाली काय आहे?

त्याच्या पायाखाली आबादी आहे. आबादी म्हणजे घरे वसलेली जागा, आपण आज गावठाण म्हणतो ती. मालगुजारी गावात तीही मालगुजाराच्या मालकीची. घर राहणाऱ्याचे, जागा मालगुजाराची. हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचतो, कारण आपल्या सामाजिक इतिहासातील अर्धी भीती या एका वाक्यात आहे. घर म्हणजे तरी काय? कुडाच्या भिंती, सागाचे किंवा बांबूचे फाटे, वर कवेलू. गाव सोडताना माणूस लाकूडफाटा आणि कवेलू गाडीवर टाकून नेऊ शके. जागा मागे राही, ती मालगुजाराकडे परत जाई. असे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या गावकागदात नोंदविले जात: कोणाला कोठे घर बांधता येईल, कोणती झाडे कोणाची, सरपण कोठून आणावे, गुरे कोठे चारावीत. कायद्याने कुळाला आणि गावनोकराला आबादीत घरजागेचा काही हक्क मान्य केला होता. पण हक्क कागदावर आणि कागद मालगुजाराच्या वाड्यावर, अशी ती व्यवस्था.

आता आपल्या माणसाची स्थिती पाहा. तो कोतवाल असेल तर गावनोकर म्हणून जागा. म्हणजे चाकरी आहे तोवर जागा. विणकर असेल, आणि आमच्याकडे महारांत विणकर पुष्कळ होते, तर गिरणीच्या कापडाने माग बंद पाडल्यावर तो मजूर झाला. मजूर असेल तर मालगुजाराच्या सीरीत राबण्याच्या अटीवर जागा. अट कोठे लिहिलेली नसे. लिहिण्याची गरजही नव्हती. मेलेले ढोर ओढणार नाही म्हणण्याची हिंमत ज्या टोलीने केली, तिला प्रथम काय ऐकावे लागे? 'जागा खाली करा.' बहिष्काराचा इतिहास लिहिताना आपण पाणी, मंदिर, शिवाशिव यांबद्दल लिहिले आणि ते लिहावयासच हवे होते. पण बहिष्काराची धमकी खरी का ठरत असे, याचे उत्तर आबादीच्या मालकीत आहे. विहीर बंद केली तर नाल्याचे पाणी पिता येते. अंगण काढून घेतले तर?

येथे एक अप्रिय गोष्टही नोंदवतो. नागपूर-भंडारा भागात महारांतही थोडे मालगुजार होते. त्यांच्यापैकी काहींनी शाळा-वसतिगृहांना हात दिला. पण मालगुजारी जात बदलल्याने माणुसकीची होते असे मानण्याचे कारण नाही. ती रचनाच अशी की वर बसणाऱ्याला खालच्याच्या घराचे भाडे नव्हे, त्याचे उठून जाण्याचे भय मिळते.

ही रचना जुनी झाली, गेली, असे समजणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एक धंदा सांगतो. तेथे कारखान्यात तयार होणारी स्वस्त घरे आहेत. त्यांना पूर्वी 'मोबाइल होम' म्हणत, म्हणजे फिरते घर. सुमारे दोन कोटी लोक अशा घरांत राहतात. यांतील पुष्कळ घरे 'पार्क' नावाच्या वस्तीत उभी असतात. घर राहणाऱ्याचे, खालची जागा पार्कमालकाची, दरमहा जागेचे भाडे. नाव फिरते घर, पण एकदा बसवले की हलवण्याचा खर्च गरिबाला परवडत नाही, आणि जुने घर हलवताना मोडते. म्हणून भाडे वाढले तरी माणूस जात नाही. नेमकी हीच गोष्ट गुंतवणूकदाराला आवडते. पन्नास-साठ घरांचे लहान पार्क विकत घ्यावे, भाडे वाढवावे, वाढलेल्या भाड्याच्या हिशेबाने वाढीव किमतीला विकावे, असा हा व्यवहार. तो शिकविणारी शिबिरेही भरतात. आधी हौशी, निवृत्त, छोटे भांडवलवाले यात होते, मग मोठ्या गुंतवणूक कंपन्या उतरल्या. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २००३ मध्ये अशी घरे बनविणारी सर्वांत मोठी कंपनी, क्लेटन होम्स, घेतली. उलट बाजूही आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातील मेरेडिथ या गावी १९८४ मध्ये रहिवाशांनी सहकारी संस्था करून आपल्या पार्कची जमीन स्वतःच विकत घेतली, आणि पुढे त्या देशात अशा शेकडो वस्त्या झाल्या.

मी हे वाचले तेव्हा मला आमची आबादी दिसली. आमचा मालगुजार आण्यांत गाव घेई, तिकडचा पार्क घेतो. फरक एक आहे, आणि तो लहान नाही. तिकडच्या भाडेकरूला मालक 'निघ' म्हणाला तर दुसऱ्या गावात कोणी त्याची जात विचारत नाही. आमच्या माणसाने कवेलू गाडीवर टाकले तरी पुढच्या गावातही जागा गावाच्या कडेचीच, आणि तीही तिथल्या मालगुजाराच्या मर्जीची.

बाबासाहेबांना हे जितके स्पष्ट दिसले तितके त्या काळातील कोणत्याही शेतकरी पुढाऱ्याला दिसले नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला, आणि त्याच परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी करणारा ठराव झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची योजना मांडली आणि पडीक सरकारी जमिनीवर स्वतंत्र वसाहतींचाही आग्रह धरला. या मागणीला अनेकांनी फुटीरतेचे नाव दिले. वस्तुतः ती जागेची मागणी होती. ज्याच्या अंगणाचा मालक दुसरा आहे त्याला गावात मत असू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. त्याची मीमांसा पक्षांच्या बेरजा-वजाबाक्यांनी केली जाते. मालगुजारी कायद्याने जाऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती, आणि मतदार त्याच आबादीत राहत होते, हे त्या मीमांसेत कोठेच येत नाही.

३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशातील मालगुजारी संपली. तो कायदा मालगुजार-जमीनदारांनी न्यायालयात नेला. अहेरीच्या जमीनदारांची याचिका त्यात अग्रभागी होती. दरम्यान पहिली घटनादुरुस्ती होऊन कायदा नवव्या परिशिष्टात गेला, आणि १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. निव्वळ उत्पन्नाच्या दहापट असा मोबदल्याचा हिशेब होता. म्हणजे जाताजाताही गावाला भाव मिळाला. मालगुजाराचे वाडे, विहिरी, झाडे, आवारे त्याच्याकडेच राहिली. घरची शेती राहिली. इतरांनाही आबादीतील आपापली घरे आपल्याकडे ठेवता आली. ही मोठी गोष्ट होती आणि तिचे श्रेय नाकारू नये. तलावांना आज आमच्याकडे 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी या शब्दांची ती आद्याक्षरे. मालगुजार गेला आणि तलावाचा मामा झाला!

पण आबादीबाहेर काय? टोल्या वाढल्या, घरे कडेच्या पडिकावर गेली. मालगुजाराचे पडीक, गुरचरण, झुडपे १९५१ नंतर सरकारजमा झाली आणि महसुली कागदांत त्यांतील मोठा भाग 'झुडपी जंगल' म्हणून चढला. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत या जमिनींचा वाद कित्येक दशके चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली. वाटप झाले असेल त्यांचे ठीक. नुसते राहत आलेल्यांचे काय, हा प्रश्न टोलीच्या दारात उभा आहे.

वनहक्काचा २००६ चा कायदा आहे, असे कोणी म्हणेल. त्यात आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आदिवासी नसलेल्याला त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. बौद्ध टोलीने १९३० पासूनचा पुरावा आणावा. १९३० साली टोलीचे कागद होते कोणाकडे? मालगुजाराकडे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवला तर तो कराचा उतारा आहे, मालकीचा नव्हे, असे उत्तर मिळते. २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. ते गावठाणाच्या हद्दीतले. हद्दीबाहेरचे घर ड्रोनला दिसते, पत्रिकेला दिसत नाही.

तेव्हा कामाची गोष्ट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तारपत्रक आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे. विदर्भाबाहेरच्या कार्यकर्त्यांनी ही नावे बहुधा ऐकलेली नसतात, आमच्याकडच्यांनीही क्वचितच. जुन्या जमाबंदीतील हे कागद अभिलेख कक्षांत असतात. ज्या पोरांना लिहिता-वाचता येते, आणि आता प्रत्येक टोलीत ती आहेत, त्यांनी आपापल्या गावाच्या वाजिब-उल-अर्जाची आणि निस्तारपत्रकाची नक्कल मागावी. जुनी मोडी-उर्दूमिश्रित भाषा वाचणारा कोणी म्हातारा कारकून गाठावा. कोतवालाच्या घरजागेची नोंद, स्मशानाची नोंद, सरपणाच्या वाटेची नोंद यांत आपल्या टोलीचे नाव कोठे येते ते पाहावे. वास्तव्याचा पुरावा म्हणून ज्येष्ठांचे जबाब कायद्याला चालतात; ते ग्रामसभेसमोर लिहून, वाचून दाखवून घ्यावेत. पंचाहत्तर वर्षांची आठवण असलेली माणसे टोलीत आता फार थोडी उरली आहेत.