फॅट किती लागली?

तारळी कृष्णेला मिळते त्या उंब्रजात सकाळी डेअरीवर दूध घातलं की पहिला प्रश्न हाच. म्हशीला सहा, गाईला साडेतीन, हे आकडे इथं पोराटोरांनाही पाठ. म्हणून एमआरआयमध्ये चरबी आणि पाणी वेगळं कसं काढतात, हे सांगायला मला लांब जावं लागत नाही. गर्बर पद्धतीत दुधात गंधकाम्ल ओतून नळी गरागरा फिरवायची. चरबी वर येते, नमुना मात्र वाया जातो. यकृताचं तसं करून कसं चालेल?

पाण्यातले आणि चरबीतले प्रोटॉन एकाच चुंबकात किंचित वेगळ्या गतीनं फिरतात. फरक दहा लाखांत साडेतीनचा (इथंही साडेतीनच!). देवळाला दोघं प्रदक्षिणा घालताहेत आणि पाणी जरा चपळ आहे, असं समजा. १.५ टेस्लाच्या यंत्रात सुमारे २.३ मिलिसेकंदांनी पाणी अर्धी फेरी पुढे असतं, ४.६ ला दोघं पुन्हा बरोबर. आधीच्या क्षणी वजाबाकी टिपली जाते, नंतरच्या क्षणी बेरीज. त्या दोन चित्रांवरून पाणी किती, चरबी किती, हे काढणं म्हणजे शाळेतलं गणित. थॉमस डिक्सन यांनी ते १९८४ मध्ये मांडलं.

पण चुंबकक्षेत्र सगळीकडे सारखं नसतं. फुप्फुसाशेजारी, आतड्यातल्या हवेजवळ ते बिघडतं आणि हिशेब उलटतो. उमेदवारीच्या काळात चरबीच्या चित्रात लखलखीत यकृत बघून मी अहवाल लिहायलाच घेतला होता. शेजारच्या तंत्रज्ञानं मुकाट्यानं पाण्याचं चित्र उघडलं. तिथं यकृत काळंठिक्कर. दोघांची अदलाबदल झाली होती.

ही मोजणी आपल्याकडे जास्तच गरजेची आहे. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलीच उदाहरणं दिली: दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ती मोजली होती क्ष-किरणांनी. त्यातली यकृतात किती, हे विचारायचं झालं तर या पुस्तकातल्या पद्धतींकडे यावं लागतं.

नव्या वाचकानं सूत्रांपासून सुरुवात करू नये. पोटाच्या कुठल्याही तपासणीतलं वजाबाकीचं चित्र लावावं आणि मूत्रपिंड बघावं. कडेनं काजळाची रेघ ओढल्यासारखी दिसेल. तिथं एकाच ठिपक्यात पाणी आणि चरबी जवळपास निम्मंनिम्मं आलंय.